तुमचे घड्याळ मागे आहे

आमच्या कॉल सेंटरात प्रत्येक टेबलावर एक छापील कार्ड चिकटवलेलं आहे. इंटरनेट चालू आहे पण पान उघडत नाही, अशी तक्रार आली की त्यावरचे अकरा प्रश्न ओळीने विचारायचे. राउटरचे दिवे लागलेत का, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडलात का, वगैरे. आठवा प्रश्न असा: 'आपल्या कंप्युटरवरची तारीख आणि वेळ बरोबर आहे का?' दोन वर्षांत हा प्रश्न मी हजार वेळा तरी विचारला असेल, झोपेतसुद्धा विचारीन. त्या दिवशी मात्र तिथे माझी जीभ टाळ्याला चिकटली. पलीकडे माझे वडील होते, आणि 'तुमची वेळ बरोबर आहे का' असं त्यांना विचारून धड परत गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

वडील घड्याळं दुरुस्त करतात. गल्लीतले लोक त्यांना सेकंदकाका म्हणतात, आणि ते तोंडावर म्हटलेलंही त्यांना चालतं, कारण त्यांच्या मते ती पदवी आहे. दुकान जेमतेम दोन खाटा मावतील एवढं. त्यात भिंतीवर एकेचाळीस घड्याळं, आणि त्यातली सतरा ठोके देणारी. दुकानाचा एकच नियम: ठोके पडत असताना कुणी बोलायचं नाही. गिऱ्हाईक असो, पाहुणा असो, आई असो. वडील डोळे मिटून ऐकतात आणि शेवटचा ठोका विरला की विचारतात, "कोणतं मागे पडलं?" हा प्रश्न मला असायचा. सहाव्या वर्षापासून. आधी मी नुसतं बोट नाचवायचे आणि चुकायचे. आठव्या वर्षी मी पाठ करून उभी राहून सांगायला लागले, की आरशाशेजारचं, किंवा दाराजवळचं, अर्ध्या ठोक्याने. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, त्यासाठी मी पुढची अठरा वर्षं त्या दुकानात काढली. त्यातली दहा त्यांच्या शेजारच्या स्टुलावर, डोळ्याला भिंग लावून.

मग आमचं भांडण झालं. मी म्हटलं होतं, "बाबा, लोकांना आता घड्याळ नकोय. त्यांना वेळ हवी असते, आणि ती फोनवर फुकट मिळते." एवढंच. पण गिऱ्हाइकासमोर म्हटलं. वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग जा. फोनवरच बसून राहा." मी इतकी आज्ञाधारक की महिन्याभरात खरंच फोनवरची नोकरी धरली आणि वेगळी खोली घेतली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आईचा आम्ही पोस्टमन केला. "तुझ्या मुलीला सांग, थंडी वाढली आहे." "तुझ्या नवऱ्याला सांग, माझ्याकडे स्वेटर आहे." दोघांचाही स्वभाव एकाच कारखान्यातला, त्यामुळे माघार कुणी घ्यायची हा प्रश्न दोन वर्षं सुटला नव्हता.

तर त्या दिवशी अकरा वाजून सव्वीस मिनिटांनी फोन आला. कंपनीने मला एक कामाचं नाव दिलं आहे. ते इतकं गुळगुळीत आहे की मी ते घरी कधी सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही. ते नाव घेऊन मी माझ्या कामाच्या, मधाळ आवाजात म्हटलं, "नमस्कार, मी आपली काय मदत करू?"

"नमस्कार मॅडम. एक पान उघडायचं होतं. बाराच्या आत."

मागे घड्याळं टिकटिकत होती. स्क्रीनवर दुकानाचा नंबर होता. तो बघायचीही मला गरज नव्हती.

नातेवाइकांचा फोन आला तर दुसऱ्याकडे द्यायचा असा आमच्याकडे नियम आहे. मी बटणावर बोटही ठेवलं होतं. पण वडील मला 'मॅडम' म्हणाले होते, आणि पुढे म्हणाले, "तुम्हाला वेळ असेल तर." मला वेळ असेल तर! या माणसाने जन्मात कधी मला असं विचारलं नव्हतं. मी बटणावरून बोट काढलं. थोडं कुतूहल, थोडा खवचटपणा. प्रेमबीम त्या वेळी काही नव्हतं, उगाच कशाला खोटं सांगू.

"राउटरचे दिवे लागलेत का?"

"सगळे. हिरवे."

"इंटरनेटवरचं दुसरं काही चालतंय का?"

"कंप्युटरवरचा रेडिओ चालू आहे की. बातम्या ऐकतोय सकाळपासून. बातम्या येतात, पान येत नाही. आता मला सांगा, एकाच नळाला पाणी आहे आणि नाही, असं कसं होईल?"

"स्क्रीनवर काय लिहून येतंय?"

"काहीतरी येतं."

"काय येतं ते वाचून दाखवता का?"

"ते नेहमीचंच हो. चूक झाली, परत करा, असलं काहीतरी."

"नेमके शब्द सांगितलेत तर बरं होईल."

"नेमके कशाला? तुम्ही पुढचं सांगा ना."

हे मला खटकलं. ज्या माणसाला 'साधारण पाच वाजले' हे वाक्य ऐकवत नाही, तो म्हणतोय 'नेमके कशाला'. मी चिडले. मला वाटलं, मदत तर हवी, पण चार शब्द वाचायचा कंटाळा. ताकाला जाऊन भांडं लपवायचं. तेवढ्यात ते म्हणाले, "एक मिनिट हं," आणि साडेअकराचा एकेक ठोका सतरा घड्याळांतून पडला. मी गप्प बसले. ते गप्प बसले म्हणून नाही. माझं तोंड आपोआप मिटलं. ठोके संपल्यावर क्षणभर थांबून ते म्हणाले, "हं, बोला मॅडम." कोणतं मागे पडलं ते त्यांनी विचारलं नाही. मॅडमला कशाला विचारतील?

आठवा प्रश्न गाळून मी कार्डावरचे प्रश्न पुढे नेले. दुसरा ब्राउझर उघडला, तेच. ब्राउझरमध्ये साठलेला जुना कचरा पुसायला सांगितला, त्यालाच आठ मिनिटं गेली, कारण मी 'डाव्या हाताचं तिसरं बटण' म्हटलं की ते विचारायचे, "रंग कोणता?" मी नाव सांगितलं की म्हणायचे, "नावाचं राहू द्या, रंग सांगा." हा प्रकार तीनदा झाला. चौथ्यांदा त्यांनी रंग विचारला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

त्यांना दिसत नव्हतं.

सेकंदकाकांना, जे केसापेक्षा बारीक स्प्रिंग चिमट्याने उचलतात, त्यांना पडद्यावरची अक्षरं दिसत नव्हती. आणि आईला हे माहीत नव्हतं, नाहीतर पोस्टमनने मला कळवलं असतं. मी कार्ड पालथं घातलं.

"एक करू या," मी म्हटलं. मधाळ आवाज कुठल्या कुठे गेला होता, पण त्यांच्या लक्षात आलं नसावं. "कीबोर्डवर खाली डाव्या कोपऱ्यात जे बटण आहे ते दाबून धरा, आणि वरच्या ओळीतलं अधिकचं चिन्ह सात-आठ वेळा दाबा. अक्षरं मोठी होतील. सगळेच करतात तसं. मीसुद्धा करते."

शेवटचं वाक्य थाप होती. टक टक आवाज आला. मग एक एक शब्द वेचत त्यांनी वाचलं, "तुमचे... घड्याळ... मागे... आहे."

खुर्ची करकरली.

"काय?" ते म्हणाले.

"असं लिहिलंय का?"

"तुमचे घड्याळ मागे आहे! माझं? मॅडम, तुम्ही माझ्याकडे बघून... म्हणजे तुम्हाला दिसत नाही, पण माझ्यासमोर मुख्य घड्याळ आहे. त्याच्यावर सगळी गल्ली वेळ लावते. कंप्युटरचं घड्याळ रोज सकाळी मी स्वतः त्याच्याशी जुळवतो. तो आपोआप वेळ लावायचा, ते मी बंद करून टाकलं. तीन सेकंद मागे राहायचा लेकाचा. पडद्यावर मी काट्यांचं मोठं घड्याळ लावून ठेवलंय. आत्ता अकरा बेचाळीस आणि... वीस. बघा ताडून!"

ताडून बघायची गरजच नव्हती. पण आता घोडं कुठे पेंड खातं ते मला कळलं होतं. हे असं घोडं फक्त त्यांच्याच तबेल्यात सापडलं असतं. दुसऱ्या कुणाचं घड्याळ तास-दोन तास चुकेल, वर्ष बरोबर असेल. यांचे सेकंद बरोबर असणार.

"वेळ बरोबरच असेल," मी म्हटलं. "तारीख बघा. ती चुकली की असली पानं उघडत नाहीत, रेडिओला चालतं. खाली उजव्या कोपऱ्यात, बारीक असते."

"तारीख काय बघायची? तारीख घड्याळाची नव्हे, कॅलेंडरची."

"तरी बघा. तिथली अक्षरं मोठी होत नाहीत. घरात भिंग असेल तर..."

"भिंग!" ते हसले. कोरडंच. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी तो माणूस डोळ्यांपुढे आणू शकत होते: काळं भिंग डोळ्यावर चढवलेलं, आणि नाक कंप्युटरच्या काचेला टेकलेलं.

मग म्हणाले, "एक जानेवारी." आणि वर्ष सांगितलं. बावीस वर्षांपूर्वीचं. त्या वर्षी मी सहा वर्षांची होते आणि बोट नाचवून चुकत होते.

"आत एक सेल असतो," मी सांगितलं. "कंप्युटर बंद असताना तारीख सांभाळतो. तो संपलाय. तुम्ही रात्री भिंतीवरचं बटण बंद करता, तेव्हा हा सगळं विसरतो."

"सेल? कोणता सेल?"

"तुमच्याकडे असतो तोच. नाण्याएवढा, चपटा."

तसले दोनशे सेल त्यांच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात असतात. दिव्याखाली अंधार असतो तो असा. त्यांच्याकडे कुठला सेल असतो हे कॉल सेंटरातल्या मॅडमला कसं कळलं, हे विचारायला ते विसरले. मला मात्र बोलून गेल्यावर घाम फुटला.

"तो नंतर घाला," मी घाईने म्हटलं. "आधी आपोआप वेळ लावायचं चालू करा."

"तीन सेकंद मागे राहील."

"राहू दे! तीन सेकंदांसाठी बावीस वर्षं मागे राहायचं का?"

हे मी माझ्याच आवाजात म्हटलं होतं, घरच्या. मी दात आवळून थांबले. शेजारच्या टेबलावरून टीम लीडर बाईंनी मान वर केली. पलीकडून बटणाचा आवाज, आणि अगदी लहान आवाजात, "झालं. उघडलं पान."

अकरा पन्नास झाले होते. नियमाप्रमाणे माझं काम संपलं होतं. 'आणखी काही मदत?' एवढं विचारायचं आणि फोन ठेवायचा.

"कोणतं पान होतं?" मी विचारलं.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची नोंदणी होती ती, डोळ्यांच्या एका इस्पितळाची. तीन महिन्यांतून एकदाच उघडते, दहा ते बारा. फोनवर घेत नाहीत. फॉर्म भरता भरता ते बोलत राहिले. आपण ज्यांना कधी बघणार नाही त्यांना माणसं काय काय सांगतात, हे मला या नोकरीने शिकवलं आहे. पण एक दिवस वडीलच मला असं सांगत बसतील असं वाटलं नव्हतं. उजव्या डोळ्याने सहा महिन्यांपासून धुकं दिसतं, म्हणाले. डावाही त्याच वाटेवर. गेल्या आठवड्यात एका म्हाताऱ्या शिक्षकांनी त्यांच्या बायकोचं घड्याळ आणलं होतं, साधं काम, अर्ध्या तासाचं. "मी ते उघडलंसुद्धा नाही मॅडम. हात घसरला आणि तुटलं तर? पार्ट मिळत नाही म्हणून परत पाठवलं. खोटं बोललो. ते बिचारे थँक्यू म्हणून गेले."

मला रडू आलं. हेडफोनचा माइक मी तोंडापासून बाजूला केला.

"तीन महिने आणखी थांबलो तर दुकान बंदच करावं लागेल," ते म्हणाले. "हं, इथे विचारतायत, सोबत कोण येणार? नाव आणि मोबाइल. रिकामं सोडलं तर पुढे जात नाही."

"घरच्या कुणाचं तरी द्या."

"बायकोचं दिलं तर ती आजच दुकानाला कुलूप लावील." मग ते म्हणाले, "मुलीचं देतो. डोळ्याला पट्टी बांधल्यावर माझा हात धरणारा हात स्थिर पाहिजे. तिच्याएवढा स्थिर हात मी अजून पाहिला नाही. सोळाव्या वर्षीसुद्धा थरथरायचा नाही. नाव नुसतं द्यायचं हो, तिला कुठे कळणार आहे? त्या दिवशी मी एकटा जाईन, म्हणेन अडचण आली."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. दहा वर्षं शेजारी बसून एकदाही नाही. आणि मग माझा नंबर त्यांनी मोठ्याने म्हणत, एकेक आकडा शोधून टाइप केला. दोन वर्षांत एकदाही न लावलेला. न चुकता, वही न बघता.

"अरे," ते म्हणाले. "ओटीपी मागतोय. सोबत येणाऱ्याच्या फोनवर पाठवलाय म्हणे. तीन मिनिटं."

अकरा चौपन्न. आमचे मोबाइल दाराशी लाकडी कप्प्यांत ठेवायचे असतात. कामाच्या वेळी हात लावला तर लेखी खुलासा.

"मुलीला फोन करून विचारा," मी म्हटलं. मला बघायचं होतं. आता सांगताना लाज वाटते, पण मला खरंच बघायचं होतं.

"नाही हो. आमचं बोलणं नाही." मग, "तसं काही मोठं झालेलं नव्हतं. मी म्हटलं, जा. ती गेली. आता मीच हाक मारायची, आणि तीसुद्धा ओटीपी सांग म्हणून? गरज पडली तेव्हा बाप आठवण काढतो, असं वाटेल तिला. राहू दे मॅडम. तुम्ही खूप कष्ट घेतलेत. पुढच्या खेपेला बघू."

"ठेवू नका."

"बारा वाजत आले..."

"फोन ठेवू नका!" मी ओरडले, हेडफोन काढून टेबलावर टाकला आणि दाराकडे पळाले. टीम लीडर बाई म्हणाल्या, "अगं, काय चाललंय?" मी म्हटलं, "खुलासा देते नंतर." कप्प्यातून फोन काढला. पडद्यावर मेसेज होता, वडिलांचं पूर्ण नाव, 'आपणास सोबती म्हणून नोंदवले आहे', आणि सहा आकडे. माझा तो प्रसिद्ध स्थिर हात असा थरथरत होता की मला ते दोनदा वाचावे लागले.

टेबलाशी आले तेव्हा अकरा छप्पन्न. हेडफोन कानाला लावला. टिकटिक ऐकू आली, म्हणजे त्यांनी ठेवला नव्हता.

"लिहा," मी म्हटलं. "चार. एक. सात."

पलीकडे काही हललं नाही.

"बाबा, लिहा ना! वेळ जातोय. चार, एक, सात, शून्य, नऊ, दोन."

एक बटण वाजलं. मग दुसरं. सहा बटणं वाजायला किती वेळ लागतो? मी काच पुसावी तसा डोळ्यांवरून हात फिरवत होते, आणि बाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, काही न बोलता.

"गेलं," ते म्हणाले. "सोळा तारीख देतायत. सकाळी नऊ."

मी काही म्हणणार होते, त्यांनाही काही म्हणायचं होतं बहुतेक. पण तेवढ्यात बारा वाजले. सतरा घड्याळांचे बारा बारा ठोके, एकात एक मिसळलेले. दुकानाचा नियम आहे. आम्ही दोघं गप्प राहिलो. मी डोळे मिटले आणि मला माहीत होतं की त्यांनीही मिटले असणार. दोन वर्षांचं जे काही साठलं होतं ते सगळं सांगायला ही वेळ पुरेशी होती, आणि बोलायची मुभा नव्हती, हे किती बरं होतं.

शेवटचा ठोका विरला.

"कोणतं मागे पडलं?" वडिलांनी विचारलं.

"आरशाशेजारचं," मी म्हटलं. "अर्ध्या ठोक्याने."

"हं," ते म्हणाले. "सोळाला ये मग. नऊ म्हणजे नऊ."